आमच्या हिरण्यकेशीत मत्स्यबीज सोडायचंय, कोणतं सोडावं?

विजू_नदीकाठ
नमस्कार मंडळी,
आमचं गाव हिरण्यकेशीच्या काठावर, आजरा आणि गडहिंग्लजच्या मधे. गावातल्या तरुण मंडळाकडे गणपतीची थोडी वर्गणी शिल्लक आहे आणि यंदा ती नदीसाठी खर्च करायची असं पोरांनी ठरवलंय. बेत असा की रोहू, कटला, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणायची आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडायची. मासे वाढतील, पाणी स्वच्छ राहील, गावाला मासळीही मिळेल. चौकशी करायचं काम माझ्याकडे आलंय.

मला यात एक गोष्ट खटकतेय. आमच्या नदीत पूर्वी मळ्या, मुऱ्या, खवली, आळकुट, कोळशी, शिंगटी, वाम असं काय काय मिळायचं. आता बंधाऱ्याखाली जाळं टाकलं की निम्म्याहून जास्त चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा). मग नवीन मासे सोडून जुने परत येतात का, की उलट त्यांची आणखी अडचण होते? आणि हे आपले जुने बोटाएवढे मासे नदीत असले काय नि नसले काय, नदीला त्यानं नक्की काय फरक पडतो, हेही कुणीतरी नीट सांगा. मंडळात हाच प्रश्न विचारला गेला आणि मला धड उत्तर देता आलं नाही.

खादाड_अनु
मुऱ्याचं तिखट कालवण आणि तांदळाची भाकरी... एवढं लिहून थांबते, बाकी जाणकारांनी बोलावं. वाचतेय.

शिरीष_सां
चांगला उपक्रम. मासे नसण्यापेक्षा कुठलेही असलेले बरे. रोहू-कटला झपाट्याने वाढतात, किलो-दोन किलोचे होतात, गावाला चार पैसे मिळाले तर लोक नदीकडे लक्ष तरी देतील. सोडा बिनधास्त.

मुग्धा_आ
विजू, आधी एक विनंती, मंडळाला म्हणावं पैसे अजून कुणाला देऊ नका. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि कृष्णा खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांमधून मुलांना घेऊन फिरते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे. आपल्याकडे तळ्या-धरणांत मत्स्यशेतीसाठी आणले गेले आणि तिथे ते उत्तम आहेत, त्यांच्यावर हजारो घरं चालतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हिरण्यकेशी म्हणजे तळं नव्हे. आंबोलीला उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरकडे कर्नाटकात जाते आणि घटप्रभेला मिळते. एवढ्या वाटेत दगडधोंड्यांतून उड्या मारणारं पाणी आहे, गुडघाभर खळाळ आहेत, वाळूचे पट्टे आहेत आणि खोल डोह आहेत. प्रत्येक जागेचे मासे वेगळे. विविधता म्हणतात ती यादीतल्या नावांची नाही फक्त, ती या जागांची आहे.

मळ्या घ्या. याचं तोंड खालच्या बाजूला, ओठामागे चकतीसारखा भाग, त्यानं तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. खळाळातला एखादा दगड उलटून बघा, मळ्याने चरलेल्या जागा स्वच्छ दिसतात. ग्लिप्टोथोरॅक्स नावाचा छोटा मांगूरवर्गीय मासा तर छातीवरच्या वळ्यांनी दगडाला चिकटतो. त्यातल्या एका जातीला १९३८ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी पुण्यावरून पूनाएन्सिस नाव दिलं, आज तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. मुऱ्या वाळूत घुसून बसतो, वाळू चाळत जातो आणि त्यातले किडे नि कुजका पाला खातो. आळकुट वरच्या थरात, पाण्यावर पडलेले किडे टिपतो. शिंगटी रात्री तळाशी फिरते, किडे खाते, मेलेलंबिलेलंही साफ करते. वाम डोहातल्या कपारीत. हे सगळे मिळून शेवाळ, किडे, कुजका पाला यांचं मांस करतात, आणि त्या मांसावर खंड्या, पाणकावळा, बगळे, ऊद (पाणमांजर) जगतात.

कटला यातलं एकही काम करत नाही. तो साठलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. खळाळात तो उभाही राहायचा नाही.

नितळपाणी
मुग्धाताई +१. विजू, तुमच्या नदीचं एक मोठं भाग्य अजून कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. तुमच्या नदीच्या उगमापाशी, आंबोलीच्या महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात एक छोटा मासा सापडला आणि २०२० मध्ये तो शास्त्राला नवीन म्हणून जाहीर झाला, शिस्टुरा हिरण्यकेशी. तुमच्या मुऱ्याचा लांबचा भाऊबंद म्हणा. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली, सगळी मिळून २.११ हेक्टर. कारण उघड आहे, एवढ्याशा जागेतला मासा, तिथे मासेमारी झाली किंवा बाहेरचा मासा घुसला तर संपलाच.

शिवाय २०१४ मध्ये याच हिरण्यकेशीतून पेथिया लाँगिकॉडा ही खवलीची नवी जात नोंदवली गेली. म्हणजे ज्या नदीत तुम्ही बाहेरचं बीज आणून सोडायचं म्हणताय, त्या नदीतले मासे अजून मोजूनच संपलेले नाहीत.

मी आंबोलीला दर पावसाळ्यात जातो, बेडकांसाठी मुख्यतः, पण ओढ्याच्या कडेला पालथं पडून पाण्यात बघायची सवय लागलीय. सकाळचं ऊन तिरपं आलं की तळाच्या खड्यांवर मुऱ्या स्पष्ट दिसतात, अंगावरचे पट्टे खड्यांच्या सावल्यांत इतके मिसळतात की मासा हलल्याशिवाय कळत नाही. जवळ हात नेला की दगडाखाली सरकतात, जरा थांबलं की आधी मिशा बाहेर येतात मग डोकं.

विजू_नदीकाठ
बाप रे. हे आमच्या गावात कुणालाच माहीत नाही. आंबोलीला धबधबा बघायला सगळे जातात.
मुग्धाताई, एक शंका. शेवाळ खाणारा मासा नसला तर शेवाळ वाढेल एवढंच ना? की अजून काही?

तानाजी_पाटील
मी आजऱ्याकडचा शेतकरी. धागा मुलानं दाखवला म्हणून लिहितोय. मासे का कमी झाले ते मला विचारा. रोहू-कटल्यानं नाही झाले आणि चढणीच्या मासेमारीनंही नाही. आमच्या वाडवडिलांपासून चढणीचे मासे पकडतात. मृगाचा पाऊस लागला, ओढ्याला तांबडं पाणी आलं की मासे नदीतनं ओढ्यात चढायला लागतात, तिथनं भाताच्या खाचरात. रात्री बत्ती घेऊन सगळा गाव ओढ्यावर. बांधावरनं पाणी पडतंय तिथं मासा उडी मारतो, पडतो, परत मारतो, खाली बुट्टी धरली की झालं. घरोघरी मासे. तरी पुढच्या वर्षी तेवढेच यायचे.

मासे संपवले ते ब्लिचिंग टाकणाऱ्यांनी, करंट लावणाऱ्यांनी आणि सुरुंग उडवणाऱ्यांनी. डोहात एक सुरुंग उडवला की दहा किलो हातात येतात आणि बाकीचं तळाला जाऊन कुजतं. बारकं बीज सुद्धा मरतं. हे आधी बंद करा मग मासे सोडा.

मुग्धा_आ
तानाजीकाका, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे आणि शंभर टक्के खरं आहे. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे, तरी चालतं.

पण चढणीबद्दल थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. चढणीचा मासा म्हणजे अंडी घालायला निघालेला मासा, पोटात गाभोळी भरलेली. पूर्वी सगळा गाव पकडायचा तरी पुरायचे, कारण ओढे खूप होते, खाचरं होती, नदीला बारमाही पाणी होतं, आणि बुट्टीतून सुटून वर जाणारे मासेही खूप असायचे. आता ओढ्याच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचं जाळं लागतं, कुठे कुठे तर मच्छरदाणीच. त्यातून एकही वर जात नाही. आमच्याकडचे बहुतेक देशी मासे वर्षातून एकदाच, पावसाळ्यात वितात. तो एक पंधरवडा गेला की वर्ष गेलं.

@विजू, शेवाळाचं म्हणशील तर दगडावर शेवाळाचा जाड थर बसला की त्यात गाळ अडकतो, दगडांमधल्या फटी बुजतात, मग त्या फटींत राहणारे किडे जातात आणि खड्यांमध्ये घातलेली अंडी गुदमरतात. दुसरं एक उदाहरण शिंपल्यांचं. नदीतले मोठे शिंपले पाणी गाळून खातात, म्हणजे नदीचं पाणी फुकटात स्वच्छ होतं. पण शिंपल्याची पिल्लं सुरुवातीचे काही दिवस माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काढतात, तिथंच त्यांची वाढ होते आणि मग गळून तळाला बसतात. शिंपला जागचा फारसा हलत नाही, त्याची पिल्लं प्रवाहाच्या उलट वर नेतो तो मासाच. मासे गेले की म्हातारे शिंपले काही वर्षं दिसत राहतात, नवीन मात्र तयार होत नाहीत. तुमच्या नदीत बारके शिंपले दिसतात का, ते एकदा बघून ये.

प्रवाह
शिंपल्याचं माहीत नव्हतं! पाटबंधाऱ्याची कामं जवळून बघत आलोय, तरी हे पहिल्यांदा ऐकतोय.
बंधाऱ्यांबद्दल मात्र थोडं सांगू शकतो. हिरण्यकेशीवर जे आहेत ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. यात खांबांच्या मधे बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात, पावसाळा संपला की घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. म्हणजे पुराच्या वेळी नदी बऱ्यापैकी मोकळी असते, मासा वर जाऊ शकतो. पक्क्या धरणाला ही सोय नाही. पण बरगे वेळेत निघाले तरच. पहिला लोंढा येऊन गेल्यावर बरगे काढले तर चढणीचा मासा बंधाऱ्याखाली अडकून पडतो आणि नेमका तिथेच जाळी घेऊन लोक उभे असतात. गावाने पाणीवापर संस्थेशी आणि पाटबंधारे खात्याशी बोलून बरगे वेळेवर निघतील एवढं पाहिलं तर एकही बोटुकलं विकत न घेता खूप फरक पडेल.

शिरीष_सां
सगळं पटतंय, पण चिलापी कुठून आली मग? ती कुणी मुद्दाम सोडली का? आणि माझा मुद्दा तसाच आहे, माणसाला खायला काय? मुऱ्या-मळ्याने पोट भरत नाही.

भीमाकाठचा_भोई
चिलापीचं मी सांगतो, आमचा जन्म तिच्यासोबत गेलाय. आम्ही उजनीवर मासेमारी करणारे भोई. चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणली. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, पिल्लंसुद्धा धोका दिसला की तोंडात घेते, आणि वर्षातून कितीतरी वेळा विते. आपल्या माशाची अंडी पुरात वाहून जातात, दुसरे मासे खातात, चिलापीची बहुतेक जगतात. पाणी घाण झालं तरी जगते. एकदा शिरली की निघत नाही.

शिरीषभाऊंचा मुद्दा खोटा नाही. उजनीत कटला-रोहूचं बीज पडतं म्हणून आमची चूल पेटते. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एक दिवस होडीवर येऊन बघावं. पण आमची म्हातारी माणसं मरळ, वाम, शिंगाळा, कोळशी यांची नावं घेतात तेव्हा कळतं की धंदा एकाच दोन माशांवर येऊन बसलाय. त्यांचा भाव पडला की सगळं पडतं. आणि आता नवीन संकट म्हणजे सकर मासा. लोक घरातल्या काचेच्या टाकीत ठेवतात, मोठा झाला की नदीत आणून सोडतात. अंगावर हाडासारख्या टणक चकत्यांचं चिलखत, जाळ्यात अडकला की जाळं फाटतं, बाजारात कुणी फुकट घेत नाही. हौसेखातर सोडलेल्या माशाचं नुकसान आम्ही भरतोय.

खादाड_अनु
भोईदादा, मनापासून लिहिलंत. काचेच्या टाकीतले मासे 'सोडून पुण्य' मिळवणारे माझ्या ओळखीतही आहेत, त्यांना हा प्रतिसाद पाठवतेय.
आणि शिरीषकाका, बारक्या माशाने पोट भरत नाही हे मला मान्य नाही हं! बारका मासा डोक्या-काट्यासकट खातो आपण, सगळं कॅल्शियम पोटात जातं. मोठ्या माशाचे काटे ताटाबाहेर. बांगलादेशात मोला नावाच्या छोट्या माशावर यासाठीच काम झालंय, त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. तोच मोला आपल्याकडच्या नद्यांमध्येही आहे.

शिरीष_सां
अनु, हरलो. कालवणाला निमंत्रण दे म्हणजे पूर्ण हरतो :)

आशा_गट
मी आशा सेविका म्हणून काम करते. आम्ही डेंग्यूसाठी गप्पी मासे वाटतो, ते डासांच्या अळ्या खातात. इथलं वाचून प्रश्न पडला, ते पण बाहेरचेच ना? मग ते सोडायचे की नाही?

मुग्धा_आ
ताई, तुमचं काम फार मोलाचं आहे. गप्पी १९०८ च्या सुमारास आणि गंबुशिया १९२८ मध्ये याच कामासाठी भारतात आणले गेले. घरच्या हौदात, सिमेंटच्या टाकीत, जिथून पाणी नदीत जात नाही तिथे गप्पी ठेवायला हरकत नाही. ओढ्यात, विहिरीतून ओढ्याला लागणाऱ्या पाटात, भाताच्या खाचरात मात्र नको. तिथे डासाच्या अळ्या खाणारे आपले देशी मासे आहेतच. पिकू नावाचा छोटा मासा बघितला असेल, डोक्यावर चमकणारा पांढरा ठिपका असतो, पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो. अळ्या त्याच थरात असतात. दांडवण नावाचा देशी मासा पण अळ्या खातो. गंबुशिया तर आपल्या माशांची अंडी, पिल्लं आणि बेडकांच्या अळ्याही खातो, तो कुठेच नको.

सह्यवेडा_ओम
मग असं केलं तर? रोहू-कटला नको, महसीर सोडू. तो तर आपलाच. लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून महसीरचं बीज तयार होतंय असं वाचलंय. मोठा, देखणा मासा, पर्यटकही येतील.

नितळपाणी
ओम, महसीर आपला हे बरोबर. आपल्या दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. पण 'आपला' म्हणून कुठेही सोडायचा नाही, याचंच उदाहरण कावेरीत आहे. लोणावळ्याच्या केंद्रातलं महसीरचं बीज कावेरीत वर्षानुवर्षं सोडलं. तिथे मुळात दुसरा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. सोडलेला आपला महसीर तिथे वाढला आणि मूळचा मागे हटत गेला. ज्याला मासेमार पिढ्यान् पिढ्या ओळखत होते त्या माशाचं शास्त्रीय नाव निश्चित व्हायला २०१८ उजाडलं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. हेतू वाईट नव्हता कुणाचाच. संवर्धन म्हणूनच सोडले होते.

महसीर वाचवायचा आपल्याकडचा जुना मार्ग वेगळा आहे. महाडजवळ वाळण कोंड आहे, वरदायिनी देवीचा डोह, तिथले महसीर कुणी पकडत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळापाशीही तसंच. पाण्याच्या कडेला उभं राहिलं की हातभर लांबीचे मासे पायाजवळ येतात. ना बीज, ना खर्च. एक डोह राखायचा, बस्स.

तानाजी_पाटील
हे आवडलं. आमच्याकडं पण देवाचा म्हणून राखलेला डोह होता, तिथं कुणी जाळं टाकत नसे. उन्हाळ्यात नदी आटली की सगळे मासे त्या डोहात गोळा व्हायचे आणि पावसात तिथनं पसरायचे. मग वाळू उपसायला लागले, डोह भरून गेला एका बाजूनं. आता पोरांना सांगितलं इथं मासे धरू नका तर हसतात.

मुग्धाबाई, तुमचा चढणीचा मुद्दा मी मुलाशी बोललो. आमच्या ओढ्यावर मी एवढं करू शकतो की तोंडाला सगळं जाळं लावू द्यायचं नाही, निम्मं पात्र मोकळं राहील. बुट्टीनं धरणाऱ्याला धरू द्या, ती हौस आहे आणि ती बंद होणार नाही.

मुग्धा_आ
काका, निम्मं पात्र मोकळं ठेवलंत तर माझ्या सगळ्या लेखनापेक्षा जास्त काम होईल. मनापासून आभार. आणि बुट्टीवाल्यांना जमलं तर एवढं सांगा, पहिल्या लोंढ्याचे पहिले दोन-तीन दिवस सोडून द्या, नंतर धरा.

वाळूचं तुम्ही लिहिलंत ते तर सगळ्यांत दुर्लक्षित आहे. वाळू आणि खडे ही माशांची बाळंतिणीची खोली आहे, ती ट्रॉलीत भरून गेली की मासा कितीही राखला तरी विणार कुठे?

साखरपट्टा
सगळे माशांबद्दल बोलताय, पाण्याबद्दल कुणी बोलेल का? आमच्या भागात (नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही) दर एक-दोन वर्षांनी मेलेल्या माशांचा खच पडतो. साखर कारखान्याची मळी सोडली की पाणी काळपट-तांबूस होतं, वास येतो, पहाटे मासे वर येऊन आ करायला लागतात आणि दुपारपर्यंत पांढरी पोटं वर. तक्रार केली, नमुने नेले, पुढे काही नाही. अशा पाण्यात देशी काय नि परदेशी काय.

मुग्धा_आ
@साखरपट्टा, तुमचा संताप रास्त आहे. मळीत सेंद्रिय माल प्रचंड असतो, तो कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. पहाटे सगळ्यात वाईट, कारण रात्री वनस्पतींकडूनही प्राणवायू मिळत नाही. म्हणून मासे पहाटे वर येतात.

पण देशी काय नि परदेशी काय, याला एक उत्तर आहे. आधी मरतात ते वाहत्या स्वच्छ पाण्याची सवय असलेले, म्हणजे मळ्या, खळाळातले मुऱ्या, महसीर. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात म्हणून टिकतात, चिलापी कमी प्राणवायूतही तग धरते. त्यामुळे जाळ्यात काय येतंय हे बघून नदीची तब्येत सांगता येते. प्रयोगशाळेचा नमुना त्या दिवसाचं पाणी सांगतो, मासे मागच्या दोन-चार वर्षांचं सांगतात. खळाळात मळ्या सापडत असेल तर अजून आशा आहे. फक्त चिलापी आणि बंदी असलेला थाई मागूर सापडत असेल तर पाण्याचं काहीतरी करायला हवं, बीज सोडून उपयोग नाही.

भीमाकाठचा_भोई
बरोबर. आमच्याकडं जुनी माणसं जाळ्यातला पहिला मासा बघून सांगायची वर काय झालंय ते.
विजूभाऊ, बीज सोडायचंच असेल आणि गावाला उत्पन्न हवंच असेल तर शेततळ्यात सोडा. कुणाच्या तरी शेतात प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं असेलच. रोहू-कटला तिथं वाढवा, विका, नदीला हात लावू नका. फक्त तळ्याचा सांडवा ओढ्याला जोडलेला नको, आणि जोडलेला असेल तर जाळी लावा. चिलापी आणि थाई मागूर तर तळ्यातसुद्धा नको.

विजू_नदीकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद छापून मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. दोन तास चर्चा झाली, आवाजही चढले. बोटुकली नदीत सोडायची नाही हे ठरलं. काही पोरं नाराज आहेत, कारण बीज सोडतानाचा फोटो होतो, बरगे वेळेवर काढल्याचा होत नाही. पण शेततळ्याची कल्पना त्यांना आवडली, दोन शेतकरी तयार झालेत.

बंधाऱ्याच्या वर आमच्याकडेही एक डोह आहे, उन्हाळ्यात आटत नाही. तिथे जाळं टाकायचं नाही असा ठराव ग्रामसभेत मांडणार आहोत. शिंपले बघायला गेलो होतो, मोठे आहेत, बारके आम्हाला दिसले नाहीत. खळाळात दगड उलटून पाहिले तर मळ्या मात्र आहे! पोरं एकदम खूश.

आता पुढचा प्रश्न. नदीत सध्या काय काय आहे याची यादी करायची म्हणतोय. कशी करावी? शाळेतली मुलं घेतली तर चालतील का?

प्रवाह
ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्याने. बऱ्याच ठिकाणी कागदावरच आहे पण तिचा लोकजैवविविधता नोंदवहीचा भाग खरोखर उपयोगी पडतो. तुमची यादी त्या नोंदवहीत चढवा, डोहाचा ठरावही तिथेच जोडा. उद्या कुणी वाळूचा ठेका घेऊन आला तर दाखवायला कागद राहतो.

तानाजी_पाटील
यादी करताना म्हाताऱ्या माणसांना विचारा. नावं त्यांना येतात, कुठला मासा कुठल्या महिन्यात कुठं यायचा ते पण येतं. पोरांना माशाचं नाव चिलापीच्या पुढं माहीत नाही.

मुग्धा_आ
मुलं घ्याच, पण पाण्यात उतरताना मोठं माणूस हवं आणि पुराच्या दिवसांत अजिबात नको. दिवाळीनंतर पाणी नितळलं की सुरू करा, नंतर उन्हाळ्यात एकदा आणि चढणीच्या वेळी काठावरून एकदा. खळाळ, वाळूचा पट्टा, डोह, ओढ्याचं तोंड अशा वेगवेगळ्या जागांची नोंद वेगळी ठेवा, सगळे मासे एका यादीत ओतू नका.

मासा मारायची गरज नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये नदीचंच पाणी घ्या, हात ओला करून मासा उचला (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग मासा जगत नाही), शेजारी पट्टी ठेवून बाजूने एक फोटो, तोंडाचा खालून एक, आणि लगेच जिथे धरला तिथेच सोडा. खवली सापडली तर शेपटीच्या अलीकडचा काळा ठिपका नीट दिसेल असा फोटो घ्या, तो ठिपका किती खवल्यांवर पसरलाय हे मोजता आलं पाहिजे. मुऱ्याच्या मिशा मोजा. फोटो इथेच टाका, नितळपाणी आणि मी मिळून ओळखायचा प्रयत्न करू.

नितळपाणी
मी आहे. नोव्हेंबरात आंबोलीला जाणारच आहे, विजू, दोन दिवस तुमच्या गावात थांबलो तर चालेल का? ट्रे आणि हातजाळी माझ्याकडे आहेत.

विजू_नदीकाठ
चालेल म्हणजे काय, या! घरीच उतरा. तानाजीकाका, तुम्हीही या, आजरा काही लांब नाही.